आबाजींची ट्रंक कशी वाचावी

फौजेतून निवृत्त होऊन वारलेल्या माणसाच्या, म्हणजे घरच्या आबाजींच्या, मागे एक लोखंडी ट्रंक उरते. ती काळी असते. झाकणावर पांढऱ्या रंगात एक नंबर, एक हुद्दा, एक नाव आणि पलटणीची दोन-चार आद्याक्षरं रंगवलेली असतात, आणि किल्ली माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या करदोट्याला असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात आणि आसपास ही ट्रंक तेरवी आटोपल्यावर उघडतात. तोवर आत काय असेल याबद्दल घरात दोन पक्ष पडलेले असतात. एक पक्ष पैशांचा, दुसरा बंदुकीचा. दोन्ही पक्ष हरतात. आत निघतात ती तीन-चार मेडलं, विटलेल्या रिबिनी, टोपीचा बिल्ला, लांबलचक ग्रुप फोटो, घडीवर फाटत आलेले कागद, इनॅमलचा मग, शिट्टी, सुईदोऱ्याची पिशवी आणि एक अशी वस्तू, जी कशाची आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ही शेवटची वस्तू पुढे सर्वांत जास्त चर्चेत राहते.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात. तिथे अशी ट्रंक उघडली तर शेजारचा सुभेदार भिंतीवरून नुसता डोकावून रिबिनीच्या रंगावरून सगळी नोकरी सांगतो. मूलकडे ही सोय नाही. इथल्या माणसाला धानाच्या बांध्यांनी, जंगल खात्याने, बल्लारपूरच्या कागद कारखान्याने आणि कोळशाच्या खाणींनी काम दिलं. फौजी माणूस गल्लीत एखादाच. तो गेला की ते सगळं वाचू शकणारा गावातला शेवटचा माणूसही गेलेला असतो. त्यामुळे वाचनाचं काम सार्वजनिक होतं. ते निवृत्त पोलीस हवालदार, शाळेतले इतिहासाचे गुरुजी, पानठेल्यावरचे दोघे-तिघे आणि नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा नातू मिळून करतात. यांपैकी सर्वांत कमी चुका पानठेल्यावरचे करतात, कारण ते बोटं दाखवून हसतात पण लेखी काही देत नाहीत.

पहिला प्रश्न असतो तो वस्तू खरोखर फौजेच्या आहेत का, हा. चंद्रपूर-गडचिरोलीत खाकी कापडाचे दावेदार फार. वनरक्षक खाकी, पोलीस खाकी, होमगार्ड खाकी, एसटीचा वाहक खाकी, पोस्टमन खाकी. त्यात सैन्याने स्वातंत्र्यानंतर खाकी सोडून हिरवा गणवेश घेतला. म्हणजे ट्रंकेतला खाकी सदरा एक तर फार जुन्या फौजेतला असतो किंवा फौजेतला अजिबात नसतो. पितळी बिल्ल्यावर नुसताच आकडा असेल, तर तो पलटणीचा नसून एसटीच्या आगाराचा निघू शकतो. टोकाला उलटी अक्षरं कोरलेला जड हातोडा शत्रूच्या डोक्यात घालण्यासाठी बनवलेला नाही. तो सागाच्या ओंडक्यावर शिक्का मारण्याचा, जंगल खात्याचा. भद्रावतीच्या आयुध निर्माणीचा पास निघाला तर घरातले ‘डिफेन्समध्ये होते’ असं सांगतात, आणि ते खोटंही नसतं. फक्त तिथला कामगार सायकलीला डबा लटकवून सकाळी जायचा आणि संध्याकाळी परतायचा, हे सांगायचं राहून जातं.

हे गाळून झालं की नंबराकडे वळावं. हौशी वाचक मेडलांपासून सुरुवात करतात आणि तिथेच भरकटतात. नाव हा भरवशाचा पुरावा नाही. सांगणारा मूलचा आणि लिहिणारा कारकून पंजाबचा किंवा मद्रासचा, अशा भेटीत चंद्रपूरकडच्या आडनावातला शेवटचा ‘वार’ कधी गळतो, कधी त्याचा ‘वाल’ होतो, आणि बापाचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. काही माणसं वीस वर्षं दुसऱ्याच नावाने हजेरी देऊन परत आली आहेत. नंबर मात्र एकच राहतो. तो ट्रंकेवर असतो, कागदावर असतो, मगाच्या बुडाशी खिळ्याने कोरलेला असतो आणि मेडलाच्या कडेवर असतो. स्वातंत्र्यानंतरच्या फौजेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाचा नंबर २७ ने सुरू होतो, महार रेजिमेंटच्या जवानाचा ४५ ने. जवान बढती मिळून नायब सुभेदार झाला की त्याला ‘जेसी’ या अक्षरांनी सुरू होणारा नवा नंबर मिळतो. म्हणून एकाच ट्रंकेत दोन नंबर निघाले तर आबाजी दोन नव्हते, बढती एक होती.

हे ठाऊक नसल्यामुळे नंबराचे इतर अर्थ लागतात. थोरला मुलगा तो शेताचा गट नंबर समजतो आणि तलाठ्याकडे जाऊन येतो. धाकटा त्याला विम्याच्या पॉलिसीचा नंबर ठरवतो. सात आकडे पाहून तो जुना टेलिफोन नंबर असावा असं वाटून कुणीतरी लावूनही पाहतं.

महार रेजिमेंटचं वाचन या भागात जास्त उपयोगी पडतं, कारण विदर्भातल्या अनेक घरांतली पोरं तिच्यात गेली. ही पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. तिच्या पहिल्या बोधचिन्हावर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. आताच्या बिल्ल्यावर एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आणि मधोमध खंजीर आहे. टोपीच्या बिल्ल्यावरून काळ सांगण्याची ही साधी युक्ती गुरुजींना आवडते. पानठेल्यावर मात्र त्या दोन मशीनगनना पाणी ओढायच्या मोटारी म्हणतात, आणि आबाजी फौजेत पंपावर होते असा निष्कर्ष निघतो. बेळगावच्या मराठ्यांचा बिल्ला वाचायला सोपा पडतो. त्यावर रणशिंग आहे. ते पाहून आबाजी बँडमध्ये होते असं ठरतं, इतकंच.

नंबरानंतर हुद्दा. तो नेहमी आद्याक्षरांत असतो आणि आद्याक्षरं इंग्रजीत असतात, त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या नातवाला पाचारण होतं. नातू ‘एल, तिरपी रेघ, एन, के’ असं वाचतो. लान्स नाईक हा हुद्दा कधी ऐकलेला नसल्यामुळे त्यात त्याला लंका दिसते, आणि १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेत आबाजींची भरती होते. आबाजी १९७४ मध्येच निवृत्त होऊन मूलला धान पेरत होते, ही अडचण उत्साहात लक्षात येत नाही. ‘सी, एफ, एन’ म्हणजे क्राफ्ट्समन, अर्थात गाड्या आणि हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर. घरात त्याचा कॅप्टन होतो. ‘एस, पी, आर’ म्हणजे सॅपर, पूल बांधणारा आणि सुरुंग लावणारा. त्याचा सुपरवायझर होतो. ‘पी, एन, आर’ म्हणजे पायोनियर, फावडं-कुदळ घेऊन रस्ते करणारा. त्याचा पार्टनर होतो, आणि कुणाचा पार्टनर हे शोधायला पुढचे पंधरा दिवस जातात. जुन्या कागदांत ‘जमादार’ आढळला तर उलट गडबड होते. कचेरीतल्या चपराशांचा जमादार डोळ्यांपुढे आल्याने सुना तो कागद पाहुण्यांपासून लपवतात. वास्तविक १९६५ पर्यंत नायब सुभेदाराच्या जागेला जमादार म्हणत. ज्याला जवान सलाम करत, तो हा माणूस. घरातला सर्वांत मोठा हुद्दा असा कपाटात उलटा घालून ठेवलेला असतो.

या सगळ्यात ‘डी, व्ही, आर’ ही तीन अक्षरं स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहेत. डी-व्ही-आर म्हणजे ड्रायव्हर, हे कुणालाही कळतं, आणि म्हणूनच इथे सर्वांत मोठी फसगत होते. ड्रायव्हर म्हटलं की ट्रक आला. ट्रक आला की बर्फातला घाट आला, घाट आला की दरीच्या कडेला एका चाकावर तोललेली गाडी आली. नातवंडं ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेली असतात. थोरल्याने त्याच वारशाच्या जोरावर ट्रॅक्टर घेतलेला असतो. आणि मग ट्रंकेच्या तळाशी लोखंडी दातांचा, पट्टा लावलेला एक ब्रश निघतो. हीच ती कुणालाच न सांगता येणारी वस्तू. आजी ती भांडी घासायची म्हणते. सून केसांची म्हणते. हवालदार ती चौकशीची म्हणतो आणि कशी वापरतात तेही सांगू लागतो. शेवटी गल्लीतून जाणारा एखादा म्हातारा टांगेवाला थांबतो, वस्तू हातात घेतो आणि म्हणतो, “हा तं खरारा हाय जी.”

खरारा घोड्या-खेचरांचं अंग घासायला लागतो. सैन्याच्या पुरवठा दलात खेचरांच्या तुकड्या असतात, आणि त्यांतल्या खेचर हाकणाऱ्या शिपायाचा अधिकृत हुद्दा ड्रायव्हर हाच असे. जिथे रस्ता नाही तिथे रसद खेचरावर जाते. खेचराला गिअर नसतो, पण मत असतं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून गेलेल्या अशा खेचर-तुकड्या १९४० साली थेट फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि ब्रह्मदेशच्या जंगलात त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. तेव्हा हे काम हलकं मुळीच नव्हे. तरी घरात शांतता पसरते. दरीच्या कडेला तोललेली गाडी हळूहळू खेचराच्या आकाराची होऊ लागते. थोरला ट्रॅक्टरकडे पाहतो. आजी मात्र अचानक बोलती होते, कारण लग्नानंतरची चाळीस वर्षं आबाजी बैलाशी ज्या हिंदीत बोलत, तिचा उगम तिला आत्ता सापडलेला असतो.

आता कागद. त्यांत मुख्य कागद डिस्चार्जचा. त्यात गावाचा पत्ता असतो आणि पत्त्यावरून भांडणं होतात. १९४५ मध्ये भरती झालेल्या मूलच्या माणसाचा पत्ता ‘जिल्हा चांदा, मध्य प्रांत व वऱ्हाड’ असा असतो. १९५० नंतरच्या कागदावर तो मध्य प्रदेशात जातो. १ नोव्हेंबर १९५६ नंतर मुंबई राज्यात येतो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पुढे चांद्याचं चंद्रपूर होतं. माणूस चामोर्शीकडचा असेल तर २६ ऑगस्ट १९८२ पासून तो आणखी एका नव्या जिल्ह्यात, गडचिरोलीत, पेन्शनर म्हणून उगवतो. एवढे पत्ते पाहून आबाजींचं मध्य प्रदेशात दुसरं घर होतं अशी शंका एखाद्या जावयाला येते, आणि दुसरं घर म्हटल्यावर पुढची शंका यायला वेळ लागत नाही. आबाजी जागचे हलले नव्हते. राज्यंच त्यांच्या अंगणातून ये-जा करत होती. पत्त्याखाली जवळचं रेल्वे स्टेशन लिहिलेलं असतं, मूल मरोडा. हा रूळ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लहान गाडीचा होता. सुट्टीवर येणारा जवान देशाच्या टोकापासून नागपूरपर्यंत जितका कंटाळत नसे तितका नागभीडपासून घरापर्यंत कंटाळत असे.

डिस्चार्जच्या कागदावर वर्तणुकीचा रकाना असतो. फौज आपल्या माणसाला जाताना एक शेरा देते. एक्झेम्प्लरी, म्हणजे उदाहरण घालून द्यावं असा. त्याखाली व्हेरी गुड, गुड, फेअर. बहुतेक ट्रंकांत वरचे दोन शेरे निघतात. पहिला निघाला की मुलं तो कागद फ्रेम करायला चंद्रपूरला नेतात. आजीला अर्थ समजावून सांगितला जातो. ती तो दोनदा सांगायला लावते आणि मग आत निघून जाते.

शिक्षणाच्या रकान्यात ‘आर्मी थर्ड क्लास’ असतं. ते वाचून गुरुजींना वाईट वाटतं. तो परीक्षेत मिळालेला तिसरा वर्ग नसून परीक्षेचंच नाव आहे. फौजेच्या स्वतःच्या शिक्षणाच्या पायऱ्या थर्ड, सेकंड, फर्स्ट अशा चढत जातात, आणि थर्ड पास होणं म्हणजे जिन्यावर पहिलं पाऊल ठेवणं. निवृत्तीच्या कारणाच्या रकान्यात एखाद्या नियमाचा नुसता आकडा असतो. हा आकडा हवालदार जुन्या भारतीय दंडविधानात शोधतात. तो तिथे सापडतो, आणि अनर्थ होतो. वास्तविक तो १९५४ च्या आर्मी रूल्समधला तेरावा नियम असतो. त्यातलं एक कलम भरतीच्या अटी पुऱ्या करून सन्मानाने घरी जाणाऱ्यांसाठी आहे, एक वैद्यकीय कारणाने सुटणाऱ्यांसाठी, एक स्वतःहून सुटका मागणाऱ्यांसाठी. आधी पुढचं उपकलम पाहावं, मग रडावं.

कागदांत कधी लाल शाई दिसते. ती शिक्षेची नोंद. घरातले तिला लाल किल्ल्याशी किंवा रक्ताशी जोडतात, म्हणजे शौर्याशी. लाल नोंदींच्या तारखा मात्र नीट पाहाव्यात. मूलच्या माणसाच्या लाल नोंदी जुलै-ऑगस्टात जास्त सापडण्याचा संभव असतो, कारण गुन्हा बहुतेक वेळा सुट्टी संपूनही परत न जाण्याचा असतो आणि त्या दिवसांत इकडे धानाची रोवणी चालू असते. चिखलात पाय असलेल्या माणसाला जम्मूची गाडी पकडणं जमत नाही. चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवण्याचा विचार सुरू होतो, हे शिपायाला तोंडपाठ असे. तीनवर येऊन थांबलेली आणि नंतर एकदम सुधारलेली अनेकांची कारकीर्द या हिशेबाने समजते.

मग मेडलं. सर्व ट्रंकवाचनात हा भाग सर्वांत उत्साहाचा आणि सर्वांत बिनबुडाचा. घरात प्रत्येक मेडल शौर्याचं धरतात. फौजेत शौर्याची मेडलं थोडी, हजेरीची पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल हे ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात अठ्ठावीस दिवस नोकरी केलेल्याला मिळालं. महिन्याचा पगारही झालेला नसताना पदक होत होतं. त्याच्या एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या अजस्र राक्षसी सापाच्या अंगावर उभा असलेला सिंह आहे. ताडोबाच्या शेजारच्या तालुक्यात त्या सिंहाला सिंह म्हणायला कुणी तयार होत नाही. तो वाघ ठरतो, आणि आबाजींनी वाघ मारला होता असं कळतं. वन कायद्याच्या भीतीने ही गोष्ट मग हळू आवाजात सांगतात.

सहा टोकांची तांबूस चांदणी म्हणजे त्याच युद्धातले स्टार. त्यातला बर्मा स्टार हा ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ब्रह्मदेशच्या आघाडीवर असलेल्यांचा. या चांदणीचं वाचन सोपं असूनही ती बहुधा हरवलेली असते, कारण तिला टोकं असल्याने ती पोळ्याला बैलाच्या कपाळावर शोभते. १९४७ च्या स्वातंत्र्याचं म्हणून एक मेडल आहे. त्याची रिबीन तिरंगी, एका बाजूला अशोकाचे सिंह, दुसऱ्या बाजूला अशोकचक्र, आणि त्या चक्रावर इंग्रजांचा मुकुट. ते १९४८ मध्ये राजाच्याच हुकुमाने सुरू झालं होतं. ज्याच्यापासून सुटलो त्याच्याच सहीने सुटल्याचं प्रमाणपत्र घ्यायची ही पद्धत पाहून सरकारी कचेरीत काम केलेला कुणीही दचकत नाही.

नंतरच्या मेडलांचंही असंच. १९६५ चं रक्षा मेडल हे त्या वर्षी ५ ऑगस्टला फौजेत असलेल्या आणि तोवर एकशे ऐंशी दिवस भरलेल्या सर्वांना मिळालं, मग तो माणूस खेमकरणला असो की पुण्याच्या कोठारात जोडे मोजत असो. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे. नऊ वर्षं टिकलं की एक, वीस वर्षं टिकलं की आणखी एक. सैन्य सेवा मेडलावर नंदादेवीचं शिखर आणि पुढे बांबूचं बेट आहे. बांबू पाहून मूलकडची माणसं ते वन विभागाचं ठरवून बाजूला टाकतात. नेमकं हेच मेडल टाकू नये. ते हिमालय, नेफा अशा अवघड मुलखात काढलेल्या नोकरीचं असतं आणि रिबिनीवरच्या धातूच्या पट्टीवर त्या मुलखाचं नाव लिहिलेलं असतं. आबाजी हिमालयात होते, हे सिद्ध करणारी ट्रंकेतली ही एकच वस्तू. उरलेली सगळी फक्त आबाजी होते एवढं सिद्ध करतात.

गडचिरोलीत नोकरी केलेल्या पोलिसांनाही खडतर सेवेचं पदक मिळतं. त्यामुळे निवृत्त हवालदार या विषयात स्वतःला अधिकारी समजतात आणि सैन्याची मेडलं पोलिसांच्या क्रमाने मांडतात. त्यांना दुखवू नये. घरात कुणाचं पोस्टमॉर्टम निघालं तर तेच उपयोगी पडतात.

ग्रुप फोटोचं वाचन वेगळ्या कारणाने अवघड जातं. खुर्च्यांवर साहेब, पायाशी मांडी घालून एक रांग, मागे उभी एक, त्यामागे बाकांवर आणखी एक किंवा दोन, आणि पुढे पाटीवर कंपनी आणि साल. शंभरावर माणसं, सर्वांना एकच मिशी. आबाजी कोणते, यावर थोरल्याचं एक मत आणि धाकट्याचं दुसरं. दोघेही आपापला चेहरा मोबाइलवर कापून, मोठा करून, फ्रेम करून आणतात. दोन भावांच्या दोन घरांत मग दोन वेगवेगळ्या शिपायांना हार चढतो, आणि त्यांपैकी निदान एक माणूस हरियाणात आपल्या नातवंडांत सुखाने राहिलेला असू शकतो. फोटोच्या पाठीमागे कधी कधी रांगेप्रमाणे नावं लिहिलेली असतात. पण फोटो पुठ्ठ्यावर डकवलेला असतो, आणि तो सोडवायची हिंमत करण्याआधी फ्रेमचे पैसे दिलेले असतात.

पत्रांवरचा पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ असतो. फौजेचा ठावठिकाणा कळू नये म्हणून देशाच्या पश्चिम आणि उत्तर भागातल्या पलटणींची सगळी डाक पहिल्या नावाने आणि पूर्वेकडची दुसऱ्या नावाने जाते. पोस्टाच्या शिक्क्यावरही गाव नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता नंबर असतो. शत्रूला फसवण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेत शत्रू किती फसला असेल ते असो, घरचे पुरते फसतात. ‘आबाजी छप्पनला होते, मग नव्व्याण्णवला बदली झाली,’ असं सांगणारी घरं आहेत, आणि छप्पन हे गाव थंड हवेचं होतं अशीही माहिती तिथे मिळते. पत्रातला मजकूर या बाबतीत मदत करत नाही. त्यात सर्व मंडळी खुशाल, पाऊसपाणी कसं, बैलाचा पाय बरा झाला का, आणि पैसे पाठवले आहेत, एवढंच. जवानाला जागा सांगायची मनाई होती. बाकीचं सांगायची मनाई नव्हती, तरी त्याने सांगितलेलं नसतं.

ट्रंकेत कधी एक वही निघते. अक्षरं इंग्रजी आणि एकही शब्द इंग्रजी नाही. नातू ती मोबाइलमध्ये धरून भाषांतर मागतो, आणि मोबाइल तिला इंडोनेशियाची ठरवतो. गुप्त लिपी सापडल्याची बातमी बस स्टँडपर्यंत जाते. जुनी फौज निरनिराळ्या प्रांतांतल्या शिपायांना एकच हिंदुस्तानी बोली रोमन अक्षरांत शिकवत असे; त्या काळचे धडे, हुकूम आणि नकाशावाचनाची टिपणं तशीच लिहिलेली असतात. मोठ्याने वाचली की लगेच कळतात. नकाशाचं तोंड उत्तरेला कसं करायचं, बूट किती दिवसांनी तेलात घालायचे, मच्छरदाणी न लावल्यास काय होईल. गुप्त असं त्यात फक्त शेवटचं पान निघतं. त्यावर कुणाकडे किती उसने आहेत याची यादी असते, आणि ती अजून कुणी फेडलेली नसते.

कपड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं उरत नाही, कारण कपडे उरत नाहीत. जर्सी सकाळी धानाला पाणी द्यायला जाणारा नेतो. लोकरीचा ओव्हरकोट मात्र वाचतो, आणि त्याचं श्रेय झाडीपट्टीच्या नाटकांना जातं. दिवाळीनंतर धान घरात आलं की या मुलखात गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटकं होतात, वडसा हे त्यांचं मुख्य ठाणं. प्रत्येक नाटकात एक इन्स्पेक्टर, एक मेजर किंवा परदेशाहून आलेला खलनायक असतोच, आणि तिघांनाही तोच कोट चालतो. खऱ्या आबाजींना आयुष्यभरात न मिळालेली बढती त्यांच्या कोटाला एका हंगामात मिळते. परत येताना त्याच्या खांद्यावर सोनेरी कागदाचे तारे चिकटलेले असतात. पुढच्या पिढीचा संशोधक ते मोजून आबाजींना ब्रिगेडियर करणार, हे आत्ताच लिहून ठेवायला हरकत नाही.

सर्वांत लवकर ओळखू येणारी वस्तू म्हणजे दारू मिळवून देणारं फौजी कॅन्टीनचं कार्ड. त्याच्या वाचनाला कुणाची मदत लागत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. या काळात आबाजींच्या प्रकृतीची चौकशी करायला येणाऱ्या दूरच्या नातेवाइकांची संख्या वाढली होती, एवढी नोंद पुरे.

तोंडी परंपरा ही ट्रंकेबाहेरची वस्तू, पण तिच्याशिवाय ट्रंकेचं वाचन पुरं होत नाही. प्रत्येक घरात आबाजींनी सॅम माणेकशांशी हस्तांदोलन केलेलं असतं. माणेकशा १९६९ ते १९७३ लष्करप्रमुख होते. एवढ्या हस्तांदोलनांना तो काळ कसाबसा पुरला असेल. “आबाजीले मोठ्या साहेबानं स्वतः देल्लं,” असं ज्या मगाबद्दल सांगतात, तो मग भांडारातून सर्वांना मिळतो. या कथा खोडू नयेत. त्यांच्या शेजारी आजीची साक्ष मांडावी. तिला हुद्दा, पलटण, मेडल यांतलं काही सांगता येत नाही. मनीऑर्डर कोणत्या महिन्यात किती रुपयांची आली, कोणत्या महिन्यात आली नाही, आणि न आलेल्या महिन्यांत कुणाकडून तांदूळ आणला, हे तिला तारखेनिशी सांगता येतं. त्या न आलेल्या महिन्यांची डिस्चार्जच्या कागदाशी आणि सैन्य सेवा मेडलाच्या पट्टीशी सांगड घातली, तर आबाजी नेफात नेमके केव्हा होते ते कळतं. एवढा पक्का पुरावा ट्रंकेत दुसरा नाही. आणि तो विचारायला घरात सहसा सर्वांत शेवटी जातात.

राहिला कडेचा मजकूर. स्वातंत्र्यानंतरच्या मेडलांच्या बारीक कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगाने ती वाचता येते. हा मजकूर हातात असेल तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला किंवा चंद्रपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विचारण्यासारखा प्रश्न तयार होतो. नसेल तर मेडल म्हणजे रिबीन लावलेला धातूचा तुकडा. मूलकडे मात्र पहिल्याच दिवशी सून मेडलं चिंचेच्या कोळाने आणि राखेने लख्ख घासते, दर दसऱ्याला पुन्हा घासते, आणि दहा-बारा दसऱ्यांत कड गुळगुळीत होते. म्हणून वाचकांना विनंती एवढीच की घासण्याआधी कडेवरचं कागदावर उतरवून घ्या, आजीला विचारून मनीऑर्डरीचे महिने त्याखाली लिहा, आणि तो कागद ट्रंकेत ठेवू नका. ट्रंक दिवाळीनंतर कोटासकट नाटकाला जाणार आहे.